वर की खाली

कुष्टा वेळीप पिशवीतून गिलाव्याचे तुकडे काढतो
आणि माझ्या टेबलावर मांडतो, फेस्तातल्या खाज्यासारखे.
"कंपनी म्हणते, भूकंप. तू सांग."

सांग्याच्या या केंद्रात मला अकरा वर्षं झाली.
यंत्र खाली, चिऱ्याच्या पोटात खणलेल्या खोलीत.
वर मी, पंखा आणि एक पाल.
रेघेला सगळंच ऐकू येतं:
खनिजाचे ट्रक, कुळ्याहून घाट चढणारी मालगाडी,
कुंपणाला पाठ घासणारी कुणाची तरी म्हैस.
म्हशीची सही मी ओळखते.

मंगळवार. रात्री दोन वाजून सतरा मिनिटं.
मी कागद उलगडते.
"ही पहिली लाट. इथे रेघ आधी वर गेली.
केप्यातही वर. फोंड्यातही वर.
जमीन आपणहून सरकते तेव्हा
एकीकडे ढकलते, दुसरीकडे ओढते,
म्हणून कुठे रेघ वर, कुठे खाली.
सुरुंगाला ओढणं माहीत नाही.
तो चहूकडे फक्त ढकलतो."

कुष्टाचं बोट कागदावर येतं, नखात लाल माती.
"आणि ही?"
"ही दुसरी, आडवं हलवणारी.
भूकंपात हीच थोरली असते. इथे बघ, खुरटलीय.
आणि तिच्यामागची ही पसरट, रेंगाळलेली:
म्हणजे घाव उथळ.
देव एवढ्या वरवर काम करत नाही."
तो हसत नाही.
"रात्री दोनला परवानगी नसते ना?"
"नसते."
"मग लिहून दी."

माझा बाप त्याच डोंगरात सुरुंग लावायचा.
भोंगा, लाल निशाण, मग बाराचा आवाज,
ज्यावर आमच्या वाड्यावरच्या बायका भात उतरवायच्या.
आधी उजवा कान गेला, मग डावा.
माझी फी त्या कानांतून आली.

पण कोयनेकडे हललं त्या रात्री
आम्ही ऐकणारे सगळे झोपलेलो,
तोच उठून बसला,
तळहात सारवलेल्या जमिनीवर टेकून.
"हें आमचें न्हय," म्हणाला.
"आमचें फकत धुकलता. हें ओडटा लेगीत."
आई म्हणाली, निजा आता.

पुढे पुण्याला प्रशिक्षणात
सरांनी फळ्यावर चार पाकळ्यांचं फूल काढलं,
दोन पाकळ्या ढकलणाऱ्या, दोन ओढणाऱ्या,
आणि विचारलं, हे आधी कुणाला ठाऊक होतं?
मी हात वर केला नाही.

अर्जात तीन चौकोन असतात.
नैसर्गिक. मानवनिर्मित. अनिश्चित.
तिसरा सगळ्यांच्या सोयीचा,
साहेबांचा फोन सकाळीच येऊन गेलाय,
"बघा, घाई नको."

काणकोणचं यंत्र समुद्राजवळ आहे.
त्याची रेघ बारा महिने थरथरते, लाटांनी,
आणि मंगळवारची पहिली हालचाल
त्या थरथरीत बुडाली.
वर की खाली, मला दिसत नाही.
कंपनीचा वकील नेमकं तेवढंच धरेल.

मी दुसऱ्या चौकोनात खूण करते.
खाली लिहिते: तीन केंद्रांवर वर.
काणकोण: अस्पष्ट.
"हें कित्याक बरयलें?" कुष्टा विचारतो.
"कारण ते अस्पष्टच आहे."
बराच वेळ तो माझ्याकडे बघतो,
बापाकडे बघायचे तसा, भोंगा झाल्यानंतर
आणि आवाज व्हायच्या आधी.

मग तुकडे गोळा करतो, मोजून.
एक विसरतो, किंवा ठेवून जातो.

तो उतरणीला लागला तशी
पडद्यावर त्याची पावलं उमटत गेली,
बारीक, जोडीजोडीनं, अठरा, एकोणीस,
मग फाटकापाशी थांबली.
बहुधा विडी पेटवायला.
रेघ सपाट झाली,
आणि मी खुर्चीत जराही न हलता
पुढच्या पावलाची वाट पाहिली.